पट्टी हाती लागली, जनुक हुकलं

प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारं जेल रंगातून काढून पांढऱ्या दिव्यावर ठेवलं, तेव्हा शंभर किलोडाल्टनच्या जागी काहीच नव्हतं. आदल्या दिवशी त्याच नमुन्याने एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, भराभर तोडून दाखवला होता. म्हणजे आम्ही पालकाच्या पानांतून काढत असलेलं विकर (एन्झाइम) नमुन्यात होतं, कामही करत होतं, आणि जेलवर मात्र गायब. विद्यार्थिनीने जेल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, वर बघा." नमुना ओतायच्या खाचेच्या, म्हणजे विहिरीच्या, तोंडाशीच गडद निळा गोळा अडकून बसला होता.

चूक साधी होती. प्रथिनाचा नमुना जेलवर चढवण्याआधी एसडीएस या डिटर्जंटच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) उकळायचा, ही सवय पहिल्या वर्षापासून हाताला लागलेली असते. विरघळणाऱ्या प्रथिनांसाठी ती ठीक आहे. पण जे प्रथिन आयुष्यभर मेदाच्या पटलात रुतून बसलेलं असतं, ते उकळलं की त्याचे पाण्याला बुजणारे भाग एकमेकांना चिकटतात आणि तो गठ्ठा जेलच्या जाळीत शिरतच नाही. दुसऱ्या दिवशी तोच नमुना न उकळता, खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवून चढवला. शंभरच्या आसपास पट्टी स्वच्छ उभी राहिली.

हे प्रकरण त्या पट्टीचं आहे. प्रकल्पाच्या अर्जात मी एक ओळ लिहिली होती: "पालकाच्या पानांतून प्रद्रव्यपटलावरील प्रोटॉन पंप वेगळा करणे व त्याचे जनुक क्लोन करणे." हा पंप म्हणजेच ते विकर. ते वेगळं करायला आठ महिने लागले, क्लोनही (जनुकाची वेगळी काढलेली प्रत) पुढे मिळाला. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो त्या ओळीतल्या "त्याचे" या शब्दाने.

हा पंप करतो काय

वनस्पतीच्या पेशीला बाहेरून पोटॅशियम, नायट्रेट, साखर, अमिनो आम्लं आत ओढायची असतात, तीही बऱ्याचदा उतारावरून नव्हे तर चढावर. प्राण्यांच्या पेशी त्यासाठी सोडियमचा उतार तयार करतात, वनस्पती आणि बुरशी प्रोटॉनचा. पेशीला वेढणाऱ्या प्रद्रव्यपटलातला हा पंप एक एटीपी खर्चून एक प्रोटॉन बाहेर फेकतो. त्यामुळे पेशीबाहेर आम्लता वाढते, पटलाच्या आतल्या बाजूला ऋण विद्युतभार राहतो, आणि बाकीचे वाहक त्या उतारावर आपापला माल आत आणतात. पर्णरंध्र उघडणं, मुळाने मातीतून क्षार उचलणं, कोंब लांबणं, सगळ्याच्या मुळाशी हा पंप आहे.

काम करताना एटीपीमधला फॉस्फेट तो स्वतःच्या एका अॅस्पार्टेट या अमिनो आम्लावर घेतो, म्हणून या घराण्याला पी-टाइप एटीपीएझ (एटीपी तोडणारी विकरं) म्हणतात. प्राण्यांतला सोडियम-पोटॅशियम पंप, स्नायूंतला कॅल्शियम पंप, पोटातला आम्ल पंप हे सगळे याचे चुलतभाऊ. ही भाऊबंदकी पुढे आमच्या मुळावर आली.

पानापासून पटलापर्यंत

पालक निवडला कारण पानं मऊ, भरपूर मिळतात आणि त्यांच्यावर या पद्धतीने पूर्वी खूप काम झालेलं आहे. पण पानाचा लगदा केला की पेशीची सगळी पटलं एकत्र होतात: हरितलवकांची, तंतुकणिकांची, आंतर्द्रव्यजालिकेची, रिक्तिकेची. त्यात प्रद्रव्यपटलाचा वाटा अगदी थोडा. शिवाय पेशी फुटल्याक्षणी रिक्तिकेतलं आम्ल, फिनॉलयुक्त पदार्थ, प्रथिनं आणि मेद तोडणारी विकरं मोकाट सुटतात. म्हणून सगळं चार अंशांवर, बफरमध्ये ०.३३ मोलर साखर, पीएच साडेसातच्या आसपास, धातूचे आयन धरून ठेवायला ईडीटीए, फिनॉल शोषायला पीव्हीपीपी, आणि डीटीटी (ऑक्सिडीकरण रोखायला) व पीएमएसएफ (प्रथिनं तोडणारी विकरं थांबवायला) ऐनवेळी. पीएमएसएफ पाण्यात फार वेळ टिकत नाही. सकाळी घातलेलं दुपारी उपयोगाचं राहत नाही हे आमच्याकडे प्रत्येक नव्या मुलाला एकदा तरी सांगावं लागतं.

लगदा नायलॉनच्या कापडातून गाळून १०,००० जी-वर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट जोराने) फिरवला की मोठा माल खाली बसतो. वरचा द्रव ५०,००० जी-वर फिरवला की सूक्ष्मपटलांचा गोळा मिळतो. तो हिरवागार असतो, कारण हरितलवकांच्या पटलांचे तुकडे त्यात भरपूर असतात. इथवर कुणीही येतं. खरी गंमत पुढच्या टप्प्यात आहे.

डेक्स्ट्रान आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही दोन बहुवारिकं पाण्यात ठराविक प्रमाणाच्या वर मिसळली की पाण्याचे दोन थर होतात. दोन्ही पाणीच, पण एकमेकांत मिसळत नाहीत. वर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर, खाली डेक्स्ट्रानचा. पृष्ठभागाच्या गुणधर्मांमुळे प्रद्रव्यपटलाच्या तुकड्यांपासून बनलेल्या सूक्ष्म पिशव्या वरच्या थरात जातात, बाकीची पटलं खालच्या थरात नाहीतर दोघांच्या सीमेवर अडकतात. स्वीडनमधल्या लुंड इथे क्रिस्टर लार्सन यांच्या गटाने ही पद्धत वनस्पतींसाठी बसवली. साध्या परीक्षानळीत, कमी वेगाच्या सेंट्रिफ्यूजवर पाच मिनिटांत काम होतं. मला आजही ती जादूसारखी वाटते.

पण ती जादू एका टक्क्याच्या दहाव्या भागावर चालते. प्रत्येकी साडेसहा टक्के हवं तर साडेसहाच हवं. आमच्या पहिल्या तीन खेपांपैकी दोनदा वरचा थर हिरवा राहिला. एका खेपेला थरांनी पडायलाच नकार दिला. विद्यार्थिनीने वजनं परत केली, काटा तपासला, सेंट्रिफ्यूजचं तापमान पाहिलं. सगळं बरोबर. शेवटी डेक्स्ट्रानच्या बाटलीकडे लक्ष गेलं. ही भुकटी हवेतलं पाणी धरून बसते, पाच ते दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे आम्ही मोजलेल्या शंभर ग्रॅममध्ये डेक्स्ट्रान नव्वदच्या आसपास होतं. उपाय जुनाच आहे: वीस टक्क्यांच्या अंदाजाने द्रावण करायचं आणि खरं प्रमाण पोलॅरिमीटरवर प्रकाश किती वळतो त्यावरून काढायचं. ते केलं आणि चौथ्या खेपेला वरचा थर जवळजवळ रंगहीन आला. त्यातून बसवलेला गोळा फिकट, सायीच्या रंगाचा होता. दोन महिन्यांत हिरवा नसलेला पहिला गोळा. तिने त्याचा फोटो काढून ठेवला आणि मी काही बोलले नाही.

एटीपी कोण तोडतंय?

रंगावरून शुद्धता ठरवता येत नाही. एटीपी तोडणारी विकरं पेशीत बख्खळ आहेत, म्हणून प्रत्येकाला वेगळं गप्प करून पाहावं लागतं. तंतुकणिकेतल्या एटीपीएझला अझाइड, रिक्तिकेतल्याला नायट्रेट, आम्ल फॉस्फेटेझला थोडं मॉलिब्डेट. या तिघांना गप्प केल्यावरही जी क्रिया उरते आणि व्हॅनॅडेट घातल्यावर बंद पडते, ती आपली. यातही एक खाचखळगा आहे. व्हॅनॅडेटचं द्रावण नारिंगी-पिवळं दिसलं तर दहा-दहा अणूंचे गुच्छ झालेले असतात आणि ते हवं तसं काम करत नाहीत. पीएच दहावर आणून रंग जाईपर्यंत उकळायचं, गार करून पुन्हा पीएच पाहायचा, परत रंग आला तर परत उकळायचं.

मोजमाप सुटलेल्या फॉस्फेटचं: मॉलिब्डेट आणि अॅस्कॉर्बिक आम्लाने निळा रंग येतो, तो मोजायचा. पहिल्या दिवशी एटीपी न घातलेली नळीसुद्धा निळी झाली. मी आधी काचेच्या भांड्यांवर संशय घेतला, कारण धुण्याच्या साबणांत फॉस्फेट असतं आणि या चाचणीत ते नेहमीचं दुखणं आहे. भांडी आम्लाने धुतली. निळेपणा कमी झाला, गेला नाही. मग विद्यार्थिनीने शांतपणे दोन थरांच्या द्रावणाची कृती समोर ठेवली: त्यात पाच मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट. आम्ही फॉस्फेटात भिजवलेल्या पिशव्या घेऊन फॉस्फेट मोजत होतो. वरचा थर बफरने पातळ करून पिशव्या पुन्हा खाली बसवल्या, आणखी एकदा धुतल्या, आणि कोरी नळी कोरी राहिली.

त्यानंतरचा आकडा मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी आला. यावेळी चूक कुणाची नव्हती, पिशव्यांची रचनाच तशी होती. वरच्या थरात जाणाऱ्या पिशव्या सरळ असतात, म्हणजे पेशीची बाहेरची बाजू बाहेर. पंप एटीपी धरतो तो आतल्या बाजूने. एटीपी पटलातून जात नाही, त्यामुळे बाहेर कितीही ओतला तरी पंपाला पत्ताच नाही. ब्रिज-५८ हे सौम्य डिटर्जंट ०.०५ टक्के घातलं की पिशव्या उलट्या होतात आणि एटीपीची जागा बाहेर येते. ते घालून केलेली आणि न घालता केलेली, अशा दोन्ही मोजण्या शेजारी ठेवल्या की पिशव्या किती टक्के सरळ आणि बंद आहेत हेही कळतं. उलट्या पिशव्यांत एसीएमए हा चमकणारा, आत प्रोटॉन साठले की मंदावणारा रंग घालून एटीपी दिला तेव्हा चमक उतरत गेली, प्रोटॉनांना परत वाट देणारं निजेरिसिन टाकताच परत वर आली. नुसता एटीपी तुटत नव्हता, प्रोटॉनही हलत होते. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात समाधानाचा आलेख तो.

पुढचं शुद्धीकरण थोडक्यात सांगते, कारण ते ठरल्यासारखं झालं. सौम्य धुण्याने पटलाला वरवर चिकटलेली प्रथिनं काढली, डोडेसिल माल्टोसाइड या डिटर्जंटने पंप पटलातून सोडवला, ग्लिसरॉलच्या उतरंडीत वेगळा केला. मेद निघून गेला की क्रिया पडते, लेसिथिन हा मेद परत दिला की उठते. या टप्प्याला "शुद्ध विकर" म्हणायची पद्धत आहे. जेलवर पट्टी एकच होती. (उकळलं नाही तर.)

दुसरं टोक: जनुक

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आम्ही त्याच वाटेने चाललो होतो. यीस्टच्या पंपाचं जनुक १९८६ मध्ये रामोन सेरानो आणि सहकाऱ्यांनी क्लोन केलं. त्यावरून हा पंप प्राण्यांच्या पंपांच्याच घराण्यातला आहे हे पक्कं झालं, आणि त्याच्याशिवाय यीस्ट जगत नाही हेही. वनस्पतींत मायकेल ससमन यांच्या गटाने ओटच्या मुळांतला पंप शुद्ध करून, ट्रिप्सिनने त्याचे तुकडे पाडून त्यांचा अमिनो आम्लांचा क्रम १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. १९८९ मध्ये त्याच गटाकडून अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या रोपाच्या पंपाचा पूर्ण सीडीएनए (आरएनएवरून उतरवलेली डीएनए प्रत) आला. त्याच वर्षी सेरानो यांच्या गटाने अॅराबिडॉप्सिसमधलं आणखी एक जनुक आणि बेल्जियमच्या बूत्री-गोफो गटाने तंबाखूच्या एका नातेवाइकातला जनुकसंच मांडला. एकाच वर्षी तीन गटांच्या हाती जनुकं लागली आणि ती एकसारखी नव्हती. हा इशारा आम्ही वाचला होता, मनावर घेतला नव्हता.

आमच्या वेळी पालकाचा जीनोम हाताशी नव्हता. म्हणून पट्टी कापून ट्रिप्सिनने तोडली, तुकड्यांचा क्रम मास स्पेक्ट्रोमीटरवर वाचून घेतला आणि प्रायमर (पीसीआरने डीएनएच्या प्रती काढताना सुरुवात ठरवणारे छोटे तुकडे) आखायला बसलो. दोन जागा सर्व पंपांत सारख्या: फॉस्फेट घेणारा अॅस्पार्टेट ज्यात आहे तो "डी-के-टी-जी-टी-एल-टी" हा सात अक्षरांचा क्रम (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल), आणि पुढे कुठेतरी "जी-डी-जी, मग एक बदलतं अक्षर, मग एन-डी-ए-पी". अॅराबिडॉप्सिसच्या एएचए२ या पंपात पहिला अॅस्पार्टेट ३२९ क्रमांकावर आहे, दुसरी जागा ५८८च्या आसपास. मधलं अंतर सुमारे २६० अमिनो आम्लांचं, म्हणजे एकेकाला तीन धरून डीएनएवर ७८० बेसच्या (अक्षरांच्या) आसपास तुकडा मिळायला हवा.

पीसीआर झाला. जेलवर दोन पट्ट्या: एक अपेक्षेच्या जागी फिकट, एक तिच्या वर झळझळीत. झळझळीत पट्टी कापली, क्लोन केली, क्रम वाचायला दिली. निकाल आला त्यात डी-के-टी-जी-टी-एल-टी अगदी स्वच्छ होतं. आम्ही संध्याकाळभर खूश.

रात्री उशिरा विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, त्या सात अक्षरांपुढचं अक्षर बघितलंत का?" प्रोटॉन पंपांत त्यापुढे ल्युसिन-अॅस्परॅजिन-लायसिन येतं. आमच्या तुकड्यात थ्रिओनिन-अॅस्परॅजिन होतं. दुसऱ्या जागीही जी-डी-जी-पुढे व्हॅलिन हवं होतं, तिथे थ्रिओनिन. हा कॅल्शियम पंप होता. चुलतभाऊ.

अॅराबिडॉप्सिसमध्ये पी-टाइप एटीपीएझ ४६ आहेत. त्यातले प्रोटॉन पंप अकरा. बाकीचे कॅल्शियम, तांबं, जस्त आणि मेद उलटेपालटे करणारे. आम्ही आखलेले प्रायमर जवळजवळ सगळ्या घराण्याला आमंत्रण देणारे होते, आणि ज्याचा आरएनए नमुन्यात ठीकठाक होता आणि ज्याच्यावर प्रायमर नीट बसला, तो आधी आला. आकार वेगळा दिसत असतानाही झळझळीत पट्टीकडे हात गेला. असा हात प्रत्येकाचा जातो, पण अपेक्षित आकडा वहीत आधी लिहिलेला असताना जाऊ नये.

दुसऱ्या खेपेला एक प्रायमर सात अक्षरांच्या पुढच्या ल्युसिन-अॅस्परॅजिन-लायसिनपर्यंत लांबवला, दुसरा जी-डी-जी-व्हॅलिनवर घट्ट केला. फिकट पट्टी झळझळीत झाली. तिच्या दोन्ही टोकांकडून रेस या पद्धतीने (माहीत असलेल्या तुकड्यापासून जनुकाची टोकं गाठायची) पुढे-मागे गेलो आणि पूर्ण वाचनचौकट, म्हणजे प्रथिनाचा संकेत असलेला अखंड भाग, मिळाला, साधारण २,८५० बेस, साडेनऊशेच्या आसपास अमिनो आम्लं. शेवटची तीन अक्षरं टायरोसिन-थ्रिओनिन-व्हॅलिन. लुंडच्या गटाने १९९८ मध्ये पालकाच्याच पानांवर दाखवलं होतं की शेवटून दुसरं थ्रिओनिन फॉस्फेट घेतं आणि फ्युसिकॉक्सिन या बुरशीच्या विषाने चिकटून बसलेलं १४-३-३ नावाचं प्रथिन त्याला जपतं. आमच्या क्रमाचं टोक तिथेच संपत होतं. शेपूट पूर्ण आहे, हा भरवसा त्या तीन अक्षरांनी दिला.

बरोबर क्लोन वाढेना

तुकडे ई. कोलाय या जीवाणूत बिनबोभाट वाढले होते. पूर्ण जनुक घातल्यावर ताटलीवर मोजक्या, टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती. ज्या दोन-तीन मोठ्या झाल्या त्यांतला डीएनए वाचला तर एकात एक बेस गळालेला, चौकट मोडलेली. एकात जनुक उलटं बसलेलं. तिसऱ्यात मधेच थांबा-संकेत.

पहिल्यांदा वाटलं पीसीआरच्या चुका. पण तीन स्वतंत्र पीसीआरचे मूळ तुकडे थेट वाचले तर ते निर्दोष होते. चूक जीवाणू निवडत होता. पटलात दहा वेळा आत-बाहेर जाणारं परकं प्रथिन थोडंसं जरी बनलं तरी जीवाणूच्या पटलाला ते जाचक होतं. प्रवर्तक (जनुक चालू-बंद करणारा भाग) बंद असला तरी थोडी गळती असतेच. ज्या पेशींत जनुक मोडलं त्या जगल्या, पसरल्या, आणि आपल्या ताटलीवर "यशस्वी क्लोन" म्हणून दिसल्या. म्हणून पटलातल्या प्रथिनाचं जनुक क्लोन करणाऱ्या कुणीही मोठी, गुबगुबीत वसाहत दिसली की आधी संशय घ्यावा, असं मी आता बिनधास्त सांगते.

कमी प्रतींचा प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं), ३० अंश तापमान, माध्यमात ग्लुकोज घालून लॅक प्रवर्तक दाबून ठेवणं, हे सगळं केलं. थोडं जमलं. पण शेवटी वाटच बदलली. पीसीआरचा तुकडा आणि कापलेला प्लाझ्मिड दोन्ही थेट यीस्टमध्ये सोडले. टोकं जुळत असतील तर यीस्ट स्वतःच ती सांधतं. जीवाणूचा टप्पाच वगळला. यीस्टमधून काढलेला डीएनए वाचला, अक्षरन् अक्षर बरोबर.

यीस्टची परीक्षा

क्रम जुळला म्हणजे विकर मिळालं असं होत नाही. त्यासाठी यीस्टचा एक खास वाण आहे, आरएस-७२. त्याच्या स्वतःच्या पंपाचं जनुक गॅलॅक्टोज या साखरेवर चालणाऱ्या प्रवर्तकाखाली ठेवलेलं आहे. गॅलॅक्टोजवर तो सुखाने वाढतो. ग्लुकोजवर स्वतःचा पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे जगणं बंद. मग प्लाझ्मिडवरून वनस्पतीचा पंप दिला, तो चालला तरच वसाहत येते.

आमचा पूर्ण लांबीचा पंप दिला. तिसऱ्या दिवशी धुरकट, जेमतेम वाढ. माध्यम जरा आम्ल केलं तर तीही नाही. इथे विद्यार्थिनी खचली, आणि मला उलट आनंद झाला. अगं, हेच तर व्हायला हवं, मी म्हणाले. १९९१ मध्ये मायकेल पामग्रेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पंपाची शेपटी त्याचा स्वतःचाच लगाम आहे. ट्रिप्सिनने ती छाटली की पंप जोरात चालतो. १९९२ मध्ये यीस्टमध्ये वनस्पतीचा पंप बनवला तेव्हा तो पेशीच्या बाहेरच्या पटलापर्यंत न जाता आंतर्द्रव्यजालिकेत साठून राहिला, तिथे पटलांच्या चळती तयार झाल्या. शेपूट छाटलेला पंप मात्र बाहेरच्या पटलापर्यंत जातो आणि यीस्टला पोसतो.

एएचए२मध्ये शेवटची ९२ अमिनो आम्लं काढलेला प्रकार नेहमी वापरला जातो. आम्ही आमच्या क्लोनमधून तेवढीच शेपूट काढली. ग्लुकोजवर दुसऱ्या दिवसापासून भरघोस वाढ, आम्ल माध्यमातही. रिकामा प्लाझ्मिड असलेल्या ताटलीवर काही नाही. निदान पहिले पाच दिवस. सातव्या दिवशी तिथेही दोन वसाहती उगवल्या. यीस्ट कुठून ना कुठून सुटका शोधतं. म्हणून वाचन तिसऱ्या-चौथ्या दिवशी करायचं ठरवलं, आणि वाढलेल्या प्रत्येक वसाहतीतला प्लाझ्मिड काढून ताज्या यीस्टमध्ये पुन्हा घालून पाहिला. वाढ प्लाझ्मिडबरोबर आली तरच ती त्या जनुकाची.

या यीस्टची पटलं काढून तीच जुनी चाचणी लावली. व्हॅनॅडेटने बंद. लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन हा मेद घातला तर पूर्ण लांबीचा पंप वेग घेतो, शेपूट छाटलेल्याला काही फरक पडत नाही. पानातल्या पंपाचं वागणं पूर्ण लांबीच्या पंपासारखंच होतं.

"त्याचे"

अहवाल लिहायला बसलो. पट्टी आहे, क्लोन आहे, क्लोन पंपासारखा वागतो. अँटिबॉडीने पानातली पट्टी आणि यीस्टमधलं प्रथिन दोन्ही ओळखली. मला ते पुरेसं वाटत होतं. विद्यार्थिनीने मात्र तुकड्यांच्या क्रमांची जुनी यादी काढली आणि एकेक क्रम क्लोनवर बसवत गेली. बरेचसे तंतोतंत बसले. दोन बसेनात. एकेका अक्षराचाच फरक, पण यंत्राच्या चुकीने पडणारा नव्हे.

अँटिबॉडी ज्या भागाविरुद्ध बनवली होती तो भाग सगळ्या प्रोटॉन पंपांत सारखा असतो. ती काय ओळखणार? सगळेच ओळखणार. व्हॅनॅडेट, शेपटी, यीस्टची परीक्षा, या सगळ्यात भावंडं सारखीच उत्तरं देतात. आमच्या "एका" पट्टीत निदान दोन पंप होते, एकाच वजनाचे, एकाच जागी धावणारे. तिने रेसच्या जुन्या वसाहतींत परत शोध घेतला. एका नळीत ३-प्राइम, म्हणजे शेवटचं, टोक निराळं होतं, आणि त्यात न बसलेल्या दोन तुकड्यांपैकी एक अक्षरन् अक्षर बसला. दुसरा अजून कुठे बसलेला नाही. तो तिसऱ्या भावाचा असेल.

"मग काय लिहायचं, मॅडम?"

अहवालाच्या शीर्षकातलं "त्याचे जनुक" काढलं आणि लिहिलं "त्या पट्टीतील एका प्रोटॉन पंपाचे जनुक". उणे ऐंशीच्या फ्रीझरमधल्या नळ्यांवर आधी मोठ्या अक्षरांत "पालक पंप" लिहिलेलं होतं. तिने पट्ट्या खरवडून नव्या चिकटवल्या: "पालक पंप अ". शेजारच्या खाच्यात, फक्त शेपटीचा तुकडा असलेल्या एकुलत्या नळीवर, "पालक पंप ब, अपूर्ण".